ग्रंथालयाचं संग्रहालय होतं, तेव्हा वाचकाची खुर्ची कुठे जाते?

पानखूण

ग्रंथालय नव्या जागेत गेलं की जुनी इमारत रिकामी उरते. पाडायला मन धजत नाही, आणि नुसती बंद ठेवली तर ती आपणहून ढासळायला लागते. मग कुणीतरी संग्रहालयाचं नाव काढतं आणि सगळ्यांना हायसं वाटतं. मलाही वाटायचं. पण गेलं वर्षभर अशा इमारतींबद्दल मिळेल ते वाचतेय, जुने फोटो आणि नकाशे शेजारी शेजारी ठेवून बघतेय, आणि एक प्रश्न डोक्यातून जात नाही. भिंती वाचल्या, घुमट वाचला, पण तिथे येऊन तासन् तास बसणाऱ्या माणसाचं काय झालं?

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला गोल वाचनकक्ष घ्या. १८५७ साली उघडला. ग्रंथपाल अँटोनियो पॅनिझ्झी यांची कल्पना, वास्तुकार सिडनी स्मर्क. घुमटाचा व्यास सुमारे ४२.६ मीटर, म्हणजे रोमच्या पँथिऑनपेक्षा किंचितच कमी. मधोमध ग्रंथपालांचं गोल टेबल, भोवती तालिकांची, म्हणजे पुस्तकांच्या याद्यांची, वर्तुळं, आणि तिथून गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या वाचकांच्या टेबलांच्या रांगा. मधल्या माणसाला प्रत्येक वाचक दिसावा आणि वाचकाला मात्र आपल्या टेबलापलीकडचं काही दिसू नये, अशी ती रचना. कार्ल मार्क्स इथे बसले. १९२० नंतरच्या लंडनमधल्या शिक्षणाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे दिवसचे दिवस बसले. आपल्यापैकी कितीजणांनी त्या खोलीचं वर्णन लहानपणी ऐकलंय!

१९९७ साली वाचनकक्ष बंद झाला आणि पुस्तकं सेंट पँक्रसच्या नव्या ब्रिटिश लायब्ररीत गेली. डिसेंबर २००० मध्ये भोवतालचं काचेच्या छताचं ग्रेट कोर्ट खुलं झालं, तेव्हा वाचनकक्षही दुरुस्त होऊन सगळ्यांसाठी उघडला. इथपर्यंत छान. पण २००७ मध्ये मोठ्या प्रदर्शनांसाठी जागा हवी होती, म्हणून टेबलांच्या वर एक तात्पुरता मजला चढवला आणि त्यावर चीनच्या पहिल्या सम्राटाचे मातीचे सैनिक मांडले. प्रदर्शन अतिशय गाजलं. पुढे २०१३ पर्यंत एकामागून एक प्रदर्शनं त्याच मजल्यावर झाली. टेबलं कुठे गेली नव्हती, पायाखालीच होती. येणाऱ्याला दिसत मात्र नव्हती. नंतर म्युझियमला प्रदर्शनांसाठी वेगळं दालन मिळालं आणि वाचनकक्ष कित्येक वर्षं बंद राहिला. अलीकडे ठरावीक वेळी तो पुन्हा आतून बघता येतो.

माझं मत सांगते. वाचनकक्ष हा ग्रंथालयाचा गाभारा आहे. संग्रहालय जरूर करा, पण ती एक खोली जशी होती तशी, टेबलं, दिवे आणि कपाटांसकट राखा. बाकीच्या इमारतीत काय हवं ते करा.

तुम्हाला काय वाटतं? इमारत-दुरुस्ती, ग्रंथालय किंवा संग्रहालय यांत काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

शाईचा_डाग

वाचतोय. त्या तात्पुरत्या मजल्याबद्दल काहीच माहिती नव्हती.

---

कडीपाट

पानखूण, लेख आवडला. मी जुन्या इमारतींच्या बळकटीकरणाचं काम करतो, तेव्हा तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. "बाकीच्या इमारतीत काय हवं ते करा" हे ग्रंथालयाच्या बाबतीत सर्वांत धोक्याचं वाक्य आहे.

पुस्तकं फार जड असतात. अमेरिकी संकेतांप्रमाणे वाचनकक्षाच्या जमिनीवर दर चौरस मीटरला साधारण २९० किलो भार धरतात, पण पुस्तकांच्या कोठाराला, म्हणजे स्टॅकला, सुमारे ७३० किलो. अडीचपट. त्यामुळे स्टॅकच्या जागी मूर्ती आणि शिलालेख ठेवायचे म्हटलं तर भार सहज पेलेल असं सगळे धरून चालतात. अडचण भाराची नसतेच. अडचण ही, की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बांधलेल्या कित्येक मोठ्या ग्रंथालयांत स्टॅकला वेगळी जमीनच नाही. ओतीव लोखंडाच्या किंवा पोलादाच्या उभ्या पट्ट्या तळापासून वरपर्यंत जातात, त्यांनाच फळ्या अडकवलेल्या आणि त्यांच्यावरच चालायचे अरुंद मजले. एक मजला माणसाच्या डोक्याला जेमतेम लागणार नाही एवढ्याच उंचीचा, कारण सगळ्यात वरच्या फळीपर्यंत शिडीशिवाय हात पोचला पाहिजे. कपाट हाच खांब.

आता अशा जागेत संग्रहालयाचं दालन करायचं, तर उंची हवी. उंचीसाठी मधले मजले काढावे लागतात. आणि मजले काढले की उंचच उंच सडपातळ पट्ट्या कशाच्याही आधाराशिवाय उभ्या राहतात.

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीची १९११ ची इमारत हे याचं सगळ्यांत मोठं उदाहरण. तिच्यातला मुख्य वाचनकक्ष जवळजवळ ९० मीटर लांब आहे आणि त्याच्याखाली स्टॅकचे सात मजले आहेत. त्या लोखंडी कपाटांवरच वरच्या वाचनकक्षाची जमीन टेकलेली आहे! ते स्टॅक काढून तिथे लोकांना घरी पुस्तकं देणारं ग्रंथालय करायची योजना होती. लेखक-संशोधकांनी कडाडून विरोध केला, खर्चाचे अंदाजही वाढले, आणि २०१४ मध्ये ती सोडून दिली. तुम्ही ज्याला गाभारा म्हणता तो तिथे शब्दशः कोठाराच्या खांद्यावर बसलाय. गाभारा राखायचा तर कोठाराला हात लावता येत नाही.

म्हणून मी म्हणेन, आधी इमारत कशावर उभी आहे ते बघा. कुठली खोली राखायची ही चर्चा त्यानंतरची.

---

पानखूण

कडीपाट, मनापासून धन्यवाद. कपाट म्हणजे लाकडी फर्निचर, हलवलं की हललं, अशीच माझी समजूत होती. वाचनकक्षाची जमीन कपाटांवर टेकलेली हे वाचून परत जाऊन इमारतीचे छेद-नकाशे बघितले. आधी डोळ्यांसमोर असूनही दिसलं नव्हतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या जुन्या ग्रंथालयाबद्दल लिहाल का? तिथे भूकंपाचं काम झालंय एवढंच माहीत आहे.

---

कडीपाट

लिहितो. ती इमारत १९१७ ची, वास्तुकार जॉर्ज केलहॅम. १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात तिचं नुकसान झालं. शहराचं नवं मुख्य ग्रंथालय १९९६ मध्ये उघडलं आणि जुनी इमारत एशियन आर्ट म्युझियमला मिळाली. पॅरिसच्या रेल्वे स्थानकाचं ओर्से संग्रहालय करताना ज्यांनी आतलं काम केलं होतं, त्या गाए आउलेंटी यांनीच इथलाही आराखडा केला. संग्रहालय मार्च २००३ मध्ये खुलं झालं.

भूकंपासाठी तिथे पायाशी विलगक बसवलेत. साध्या भाषेत, इमारत पायापासून सुटी करून रबर आणि पोलादाच्या थरांच्या गाद्यांवर टेकवायची. जमीन हलली तरी वरची इमारत सावकाश डुलते, हिसका बसत नाही. तिला डुलायला जागा लागते म्हणून चहूबाजूंनी मोकळा चर ठेवतात. ग्रंथालयापेक्षा संग्रहालयाला याची गरज जास्त. पुस्तक फळीवरून पडलं तर उचलून ठेवता येतं. या संग्रहालयात इसवी सन ३३८ ची, सोन्याचा मुलामा दिलेली कांस्य बुद्धमूर्ती आहे, सालाचा उल्लेख असलेल्या चिनी बुद्धमूर्तींत सर्वांत जुनी. ती पडून कसं चालेल?

आतला भव्य जिना आणि त्यावरचं मोठं दालन त्यांनी राखलं. मधल्या उजेडाच्या चौकांवर काचेचं छत घालून नवी जागा मिळवली. इंजिनिअर म्हणून मला ते काम फार उत्तम वाटतं.

---

काचपेटी

पण त्याच इमारतीत गोतार्दो पियात्सोनी यांची भित्तिचित्रं होती, कडीपाट. ते राहून गेलं. १९३२ मध्ये जिन्याभोवतीच्या गॅलरीसाठी बसवलेली, जमीन आणि समुद्र या दोन विषयांवरची, अतिशय शांत निसर्गचित्रं. पुस्तक आणायला जिना चढणारा प्रत्येकजण त्यांच्यासमोरून जायचा. नव्या आराखड्यात ती बसत नव्हती. ती हलवू नयेत म्हणून वारसाप्रेमींनी बरंच भांडण केलं, तरी शेवटी ती काढली आणि आज ती सॅन फ्रान्सिस्कोच्याच डी यंग संग्रहालयात वेगळ्या दालनात आहेत. कॅनव्हासवर रंगवून भिंतीला चिकटवलेली होती म्हणून निघू शकली. थेट गिलाव्यावर असती तर?

मी संग्रहालयात वस्तूंच्या जतनाचं काम करते. चित्रं सुखरूप आहेत याचा आनंद आहेच. पण एका जिन्यासाठी काढलेलं चित्र दुसरीकडे सपाट भिंतीवर लागलं की ते नुसतं चित्र होतं. चढताना दमून थांबलेल्या माणसाशी त्याचं जे नातं होतं ते तिथेच राहतं.

आता मूळ प्रश्नाकडे. पानखूण, वाचनकक्ष जसाच्या तसा राखून त्यात वस्तू मांडायच्या, हे ऐकायला सोपं वाटतं, पण वाचनकक्ष आणि प्रदर्शन-दालन यांचं उजेडाच्या बाबतीत हाडवैर आहे. वाचायला साधारण ३०० ते ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड लागतो. जुन्या वास्तुकारांनी त्यासाठी उंच खिडक्या, छताला काचा, सगळं जीव ओतून केलं. आणि मी कागद, कापड किंवा जलरंगातलं चित्र मांडते तेव्हा ५० लक्सच्या वर जाऊ देत नाही. तैलचित्र असेल तर फार तर २००. उजेडाने झालेली हानी भरून येत नाही, ती साठत जाते. आज दहा तास, उद्या दहा तास, शाई फिकी पडतच राहते. म्हणजे ज्या खिडक्यांमुळे ती खोली सुंदर आहे त्याच मला झाकाव्या लागतात. मग लोक विचारतात, एवढ्या सुंदर खोलीत अंधार का केलाय?

दमटपणाचंही तसंच. आतली हवा वर्षभर एकसारखी ठेवायची म्हणून यंत्रं लावली आणि बाहेर कडक थंडी असेल, तर आतली ओल जुन्या जाड भिंतीत शिरून तिथे पाणी धरते. वस्तू वाचते आणि भिंत आतून कुजते. म्हणून अलीकडे इमारतीला पेलेल इतकाच बदल मान्य करायचा आणि नाजूक वस्तूंना त्यांच्या पेटीतच वेगळी हवा द्यायची, असं आम्ही करतो. पूर्ण खोली वातानुकूलित करण्यापेक्षा बंद काचपेटी हजार वेळा बरी.

पॅरिसमध्ये यावर मला पटलेला मार्ग काढलाय. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची रिशल्यूची जुनी वास्तू १९९० च्या दशकात बरीचशी पुस्तकं नव्या इमारतीत गेल्यावर हळूहळू दुरुस्त केली आणि २०२२ मध्ये पूर्ण उघडली. तिथे सतराव्या शतकातलं माझारँ दालन आहे, छतावर इटालियन चित्रकार रोमानेल्लीची चित्रं. त्यात आता संग्रहालय आहे. पण मांडलेली हस्तलिखितं आणि चित्रं काही महिन्यांनी बदलत राहतात, कायम तीच नसतात. वस्तूला विश्रांती मिळते, दालन उघडं राहतं. आणि शेजारचा लंबगोल वाचनकक्ष मात्र वाचनकक्षच ठेवलाय. कुणीही जा, कार्ड लागत नाही, पैसे लागत नाहीत, फळीवरचं पुस्तक काढा आणि बसा.

---

शाईचा_डाग

काचपेटी, जिन्याबद्दलचं वाचून थांबलो. माझ्या लहानपणीच्या वाचनालयाच्या जिन्यावर एक घड्याळ होतं, ते आठवलं. चालू असल्याचं कधी पाहिलं नाही, पण दर वेळी वर बघायचो.

---

उंबरा

मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. रागवू नका.

पानखूण, ब्रिटिश म्युझियमचा वाचनकक्ष गेला म्हणून तुम्हाला वाईट वाटतं, पण तो होता तेव्हा किती लोकांचा होता? प्रवेशपत्रासाठी अर्ज करावा लागे, ओळख लागे, कारण सांगावं लागे. जवळजवळ १४० वर्षं सामान्य माणूस त्या दाराशी उभा राहून परत फिरला. तो घुमट सगळ्यांनी डोकं वर करून पाहिला तो २००० नंतर, ग्रंथालय तिथून गेल्यावर. संग्रहालयाने दार उघडलं, हेही त्या गोष्टीत लिहायला हवं.

कोलकात्याचा मेटकाफ हॉलही बघा. १८४० च्या दशकात उभा राहिला, भोवती तीस उंच ग्रीक पद्धतीचे खांब. १८३५ मध्ये वृत्तपत्रांवरची बंधनं उठवणाऱ्या चार्ल्स मेटकाफ यांच्या स्मरणार्थ. तिथे कलकत्ता पब्लिक लायब्ररी होती, मग १९०३ मध्ये कर्झनने तिथेच इम्पीरियल लायब्ररी लोकांना खुली केली. तीच पुढे आपलं राष्ट्रीय ग्रंथालय झाली आणि कोलकात्यातल्याच बेल्व्हेडियर या वास्तूत गेली. हॉलने नंतर बरेच हाल पाहिले. आता पुरातत्त्व खात्याने दुरुस्त करून त्यात शहराच्या जीवनावरचं प्रदर्शन केलंय. तिथे संग्रहालय आलं नसतं तर आज काय दिसलं असतं, याचाही विचार करावा.

रिकाम्या इमारतीला माणसं लागतात. कोणत्या निमित्ताने येतात हे दुय्यम.

---

पानखूण

उंबरा, रागवण्यासारखं काहीच नाही. उलट माझ्या लेखातली मोठी उणीव तुम्ही दाखवलीत. मी वाचकाच्या बाजूने लिहीत होते आणि दाराबाहेर राहिलेल्या वाचकाला विसरले.

पण "कोणत्या निमित्ताने हे दुय्यम" हे मला अजून पटत नाही. संग्रहालयात माणूस चालतो. ग्रंथालयात बसतो. संग्रहालयात एका वस्तूसमोर पाच मिनिटं थांबलात तर मागचा खोकतो. ग्रंथालयात एकाच पानावर दुपार घालवली तरी कुणी विचारत नाही. पैसे न देता, काही विकत न घेता, आत बसून राहता येईल अशा छताखालच्या जागा किती उरल्यात? इमारतीचा उपयोग बदलतो तेव्हा ही एक गोष्ट अलगद निघून जाते आणि तिची नोंद कुठल्याच अहवालात होत नाही.

शिकागोबद्दल म्हणूनच जिव्हाळा वाटतो. १८९७ चं सार्वजनिक ग्रंथालय. जिथे लोक पुस्तकाची मागणी नोंदवायला उभे राहायचे, त्या खोलीवर टिफनीच्या रंगीत काचांचा घुमट, ३८ फूट व्यासाचा. राजेरजवाड्यांच्या महालात शोभावा असा घुमट देवघेवीच्या खिडकीवर! भिंतींवर मोझेकमध्ये अनेक भाषांतली वचनं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती इमारत पाडायची चर्चा होती. लोक विरोधात उभे राहिले, इमारतीला वारशाचा दर्जा मिळाला आणि १९७७ मध्ये तिचं सांस्कृतिक केंद्र झालं. ग्रंथालय पूर्णपणे बाहेर पडलं ते १९९१ मध्ये, नवी इमारत झाल्यावर. मधली चौदा वर्षं प्रदर्शनं आणि पुस्तकं एकाच छताखाली नांदली. आजही आत जायला तिकीट नाही.

तेव्हा माझं मत बदलतेय. खोली जशीच्या तशी राखण्याचा हट्ट सोडते. कडीपाट म्हणतात तसं ते कधी शक्य नसतं, आणि काचपेटी म्हणतात तसं कधी वस्तूंच्या मुळावर येतं. बसण्याचा हक्क मात्र राखा. एखादी खोली, ओटीची जागा, पन्नास खुर्च्या आणि वाचायला काहीतरी. ती तिकिटाच्या खिडकीच्या अलीकडे हवी, पलीकडे नको.

---

उंबरा

तिकिटाच्या अलीकडे. याला माझा पूर्ण पाठिंबा.

---

देवघेव

उशिरा लिहितेय, सगळा धागा आज एका बैठकीत वाचला. मी तीस वर्षं ग्रंथालयात होते, त्यातली पहिली बारा देवघेव विभागात.

आमचंही स्थलांतर झालं होतं. संस्थेचं नाव घेत नाही. पुस्तकं व्यवस्थित गेली. क्रमांक लावून, पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवून, एकही हरवलं नाही. जुन्या इमारतीत प्रदर्शन होणार होतं म्हणून उरलेलं सामान बघायला काही मंडळी आली. त्यांनी पितळी दिवे घेतले, कोरीव खुर्च्या घेतल्या, एक पृथ्वीगोल घेतला. दिसायला सुंदर ते सगळं. तालिका-पत्रांचे ड्रॉवर घेतले, आतली पत्रं मात्र रिकामी करून. आणि दाखल नोंदवह्या, पहिल्या खंडापासूनच्या, रद्दीत गेल्या. मला कळलं तेव्हा टेम्पो गेलेला होता. एवढी वर्षं झाली, अजून त्या गोष्टीने झोप उडते.

म्हणून तुमच्या यादीत भर घालते. घुमट राखाल, खुर्ची राखाल. संग्रहालय करणाऱ्यांनी पहिल्या दिवशी ग्रंथपालांना विचारावं, की तुमच्या नोंदवह्या कुठे आहेत?

---

शाईचा_डाग

देवघेवताई, दाखल नोंदवहीत नेमकं काय असतं? आम्ही फक्त पुस्तकावर मारलेला क्रमांक पाहिलाय.

---

देवघेव

तो क्रमांक तिथूनच येतो. ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक आलं त्या क्रमाने एका ओळीत लिहायचं. विषयवार नाही, अक्षरवार नाही, आलं तसं. तारीख, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल, पानं, किंमत, कुठून आलं. विकत घेतलं असेल तर विक्रेत्याचं नाव, भेट असेल तर देणाऱ्याचं. एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला कधी देत नाहीत, पहिलं नाहीसं झालं तरी.

त्यामुळे वही उलटत गेलं की ते गाव किंवा शहर काय वाचत होतं ते वर्षावर्षाने दिसतं. एखाद्या वर्षी पानंच्या पानं एकाच घरातून आलेल्या पुस्तकांची असतात. समजायचं, त्या घरातला वाचणारा माणूस गेला. युद्धाच्या किंवा टंचाईच्या वर्षांत नोंदी विरळ होतात. अक्षर बदललं की ग्रंथपाल बदललेला असतो. हे काचपेटीत उघडून ठेवलं तर लोक थांबून वाचतील, मला खात्री आहे. आणि काचपेटीताई, लोखंडी शाई असते, तेव्हा तुमचे ते ५० लक्स जरूर पाळा.

शेवटचा रकाना "शेरा". बहुतेक ओळींत तो कोरा असतो, कारण पुस्तक अजून फळीवर आहे. जिथे काही लिहिलेलं असतं तिथे तीनच शब्द आलटून पालटून दिसतात: जीर्ण, गहाळ, निर्लेखित (म्हणजे नोंदीतून काढून टाकलेलं). आमच्या पहिल्या वहीतल्या दाखल क्रमांक १ पुढे तो रकाना कोरा होता. ते पुस्तक नव्या इमारतीत आहे, मी स्वतः पेटीत ठेवलं होतं.

---

काचपेटी

देवघेवताई, तुम्हाला वेगळा निरोप पाठवलाय. आमच्याकडे अशाच एका जुन्या वाचनालयाच्या वस्तू आल्या आहेत आणि त्यात बांधून ठेवलेल्या जाड वह्यांचा एक गठ्ठा आहे. अजून उघडलेला नाही. उघडताना तुम्ही शेजारी असावं असं वाटतं.